सांगा, काय पाहिजे?

वरच्या मजल्यावर कशाचं तरी झाकण पडलं. पडून एकदम थांबलं नाही ते... घरघरत, गोल गोल फिरत राहिलं, आणि दमत दमत शेवटी फरशीवर निजलं.

आम्ही तिघींनीही वर पाहिलं.

श्रावणातली झड लागली होती. ऊन शेवटचं कधी पाहिलं ते आठवू नये असे दिवस. आमच्या घरात तेव्हा आवाज म्हणून नव्हताच. यशदीप, माझा नवरा, तापाचं निमित्त होऊन गेला त्याला वर्ष उलटलं होतं. रेल्वे ऑफिसातली त्याची खुर्ची माझ्याकडे आली आणि घरातलं बोलणं कुठे गेलं ते कळलंच नाही. मी, सासूबाई मीराबाई – त्यांना मी आईच म्हणते – आणि पाच वर्षांची साक्षी. टीव्हीसुद्धा आवाज बंद करून चालायचा. साक्षी बाहुलीला रागवायची ते देखील कुजबुजत.

"वर कोणी रहायले आलं वाटते," आई म्हणाल्या.

आणि दार वाजलं.

आईंची खाट दाराजवळच. त्यांनी बसल्या जागेवरून कडी काढली. दारात एक तरुण उभा – खांद्यावर पावसाचे थेंब, हातात रिकामी वाटी, आणि हसावं की नाही हे अजून न ठरलेला चेहरा.

"हव, सांगा," आई म्हणाल्या. दूधवाल्यापासून मीटर बघणाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्या असंच म्हणतात.

तो चमकला. एक पाऊल मागे सरला.

"आपको मेरा नाम... किसने बताया?"

"सांगा न बाप्पा, काय पाहिजे?"

"जी... मैं ही सांगा है."

आईंनी मान वळवून माझ्याकडे तक्रार केली. "रुचिता, हा पोट्टा मलेच सांगा म्हणून राहिला."

मला आधी काही कळेना. मग कळलं, आणि मी हसले. तोंडावर हात ठेवून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. साक्षी माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मला काही दुखतंय.

त्याचं पूर्ण नाव लालरिनसांगा. मिझोरमचा. गावी, कॉलेजात, सगळीकडे सांगाच. समता कॉलनीतल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून आला होता, आणि आमच्या घरमालकांनी, ज्यांचं पंडरी बाजारात कापडाचं दुकान आहे, आम्हाला एका शब्दाने न कळवता वरची खोली त्याला देऊन टाकली होती. आमच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ काय होतो, ते मी त्याला हिंदीत समजावलं.

"मतलब मैं... बोलिये है?"

"हो. बोलिये."

तो जरा विचारात पडला. "घर में सब मेरे को चुप रहने को बोलते थे," तो म्हणाला. "नाम रखते टाइम किसी ने देखा नहीं."

मी पुन्हा हसणार होते. पण मग त्याने हातातली वाटी पुढे केली.

"थोडा राख मिलेगा?"

यशदीपच्या अस्थी सोडून खारून नदीवरून परत आल्यापासून हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. भांडी घासतानासुद्धा. आई खाटेवर तशाच बसून राहिल्या. काहीतरी चुकलं एवढं त्याला समजलं, काय ते समजलं नाही. वाटी त्याने हळूच पाठीमागे नेली.

"रहने दीजिये..."

पण आई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरत, मागच्या पत्र्याखाली गेल्या. आंघोळीचं पाणी आम्ही अजून तिथल्या चुलीवरच तापवतो. वाटी काठोकाठ भरून आणली आणि वरून बोटाने दाबून सारखी केली.

"भांडे घासाले पाहिजे का?" त्यांनी विचारलं.

भांडी नाही, मका. वाळलेला मका राखेच्या पाण्यात उकळला की त्याचं साल सुटतं. त्याची आई तसंच करते, म्हणाला. मघाशी वर पडलेलं झाकण त्याच मक्याच्या पातेल्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती भरून. सोललेला मका – टपोरा, पांढरा, मीठ लावून उकडलेला. साक्षीचा पुढचा दात तेव्हा हलत होता. तिने एक दाणा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि शाळेतल्या हिंदीत विचारलं, ये किसका दाँत है. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, माझ्या आजोबांचा, सांभाळून खा. ती इतक्या जोरात हसली की आतून आई विचारत्या झाल्या, काय झालं म्हणून.

मग ते सुरूच झालं. जिन्यात भेट व्हायची, नळावर भेट व्हायची. त्याला हाक मारायची म्हणजे मोठी पंचाईत. "सांगा" म्हटलं की तो थांबायचा, वळायचा, आणि काहीतरी सांगायचाच. नावाचा मान ठेवावा लागतो, म्हणायचा. आज एका पेशंटने मला नेपाळी पदार्थांची कृती विचारली. आज एका आजोबांनी पहिल्यांदा काठी सोडली, आणि घाबरून माझा कान धरला. आज तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याने मला ओळखलं.

"और बताने को कुछ ना हो तो?" मी एकदा विचारलं.

"तो आप मत बुलाना," तो म्हणाला. मग थोडं थांबून – "नहीं, बुलाना. मैं कुछ कर लूँगा. गिर जाऊँगा सीढी से."

त्या दिवशी ऑफिसात मी एकच फाइल उघडून बसले होते.

आईंच्या गुडघ्यांना त्याने व्यायाम लावून दिला. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि दाबायची. आई कुरकुरायच्या, हा पोट्टा मले शाळेत घालून राहिला, पण संध्याकाळ झाली की टॉवेल गुंडाळून तयार असायच्या. साक्षी मोठ्याने आकडे म्हणायची. घरात आवाज परत आला तो असा, हळूहळू.

एकदा सदर बाजारात आम्ही पांढरा मका शोधायला गेलो. स्कूटी मी चालवत होते, तो मागे छत्री धरून. त्या गर्दीत स्कूटी चालवणं एक, आणि मागे बसून दोन्ही हातांनी छत्री धरणं दुसरं. त्याने ती पूर्ण माझ्यावर धरली होती. मी म्हटलं, एका हाताने धरा, दुसऱ्याने स्कूटीला धरा, पडाल.

"दोनों हाथ छाता में ठीक है," तो मागून म्हणाला. "खाली रहेगा तो... सोचेगा कहाँ जाऊँ."

सोनारांच्या दुकानांसमोर गर्दीत अडकलो होतो. मागचा हॉर्न वाजवत होता. मी पुढेच बघत राहिले. कान तापले होते, पावसातसुद्धा. घरी पोचलो तेव्हा मी कोरडी होते, आणि तो नखशिखांत ओला.

तो मका आम्ही आमच्याच चुलीवर उकळला. मग मागच्या ओट्यावर बसून बादलीत धुतला. दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायचा, साल वर तरंगतं, पाणी बदलायचं, पुन्हा चोळायचं. राखेच्या पाण्याने बोटं साबण लावल्यासारखी गुळगुळीत होतात. एकाच बादलीत चार हात... दाणे शोधता शोधता त्याचं बोट माझ्या बोटांत आलं आणि निसटलं. परत आलं. या वेळी निसटलं नाही. आम्ही दोघंही बादलीतच बघत होतो. पाणी गढूळ होतं, त्यामुळे काहीच दिसत नव्हतं, तेवढीच सोय.

मग आईंनी आतून साक्षीला हाक मारली आणि मी उठले. हात कितीतरी वेळ गुळगुळीत राहिले.

मी स्वतःशी काही ठरवलं नव्हतं. ठरवण्यासारखं काय होतं? नोकरी यशदीपच्या नावावर मिळालेली. सासू यशदीपची आई. मुलगी यशदीपची. मी त्या घरात त्याच्या वस्तू सांभाळणारी बाई होते, आणि त्या वस्तूंत मी पण एक होते. असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मीच धरून चालले होते.

पौषात आभाळ आलं. अवेळचं, थंडीतलं. सांगाने जिन्यातच बातमी दिली. त्याची आई घरात पाय घसरून पडली, कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं होतं. ऐजॉलच्या एका दवाखान्यात त्याला नोकरीही मिळत होती. रविवारी संध्याकाळच्या गाडीने हावडा, तिथून पुढे.

"सबको चलना सिखाता है," तो म्हणाला. "अब उसको सिखाना है."

मी म्हटलं, बरं झालं, घराजवळ नोकरी मिळाली. बदली झालेल्या माणसाला ऑफिसात म्हणतात तसं. त्याने मान हलवली आणि वर गेला. मी जिन्यात कठडा धरून उभी राहिले.

रविवारी सकाळपासून लाइन दुरुस्तीसाठी वीज बंद होती. वर त्याच्याकडे विजेची शेगडीच. जरा वेळाने तो मोठं पातेलं दोन्ही हातांत धरून आमच्या मागच्या दाराशी उभा. आईंना म्हणाला, आई, घरून आणलेला शेवटचा तुकडा आहे, परत न्यायचा नाही, तुम्हा सगळ्यांसाठी करायचा होता.

"पर इसमें सुअर है. धुएँ वाला. आपका चूल्हा है... आप बोलो."

आमच्या घरात ते चालत नाही. माझे सासरे धर्मपाल यांनी आयुष्यभर चालू दिलं नाही. बाटण्याची गोष्ट नव्हती ती, ताठ मानेची गोष्ट होती. लोक ज्यावरून हिणवत होते ते सगळं त्यांनी घराबाहेर काढलं होतं, आणि मांडीवर हात मारून सांगत, आम्ही सोडलं.

आईंनी पातेल्यात वाकून पाहिलं.

"चुलीले काय ठाऊक काय शिजून राहिलं ते," त्या म्हणाल्या. "ठेव."

मांस बाहेरून काळं होतं, कोळशासारखं. गरम पाण्यात घासून त्याने ते स्वच्छ केलं, कापलं, तर आत लालसर, आणि चरबीच्या कडा पिवळट, जुन्या कागदासारख्या. रात्रभर भिजवलेला सोललेला मका, आल्याचा ठेचलेला तुकडा, हिरव्या मिरच्या, पाणी. बस. आई खाटेवरून उठून ओट्यावर येऊन बसल्या होत्या. त्यांना राहवेना.

"हळद?"

"नहीं, आई."

"तेल तरी? फोडणी?"

"नहीं."

"मंग हे काय आजाऱ्याची पेज आहे का?" त्यांनी मला विचारलं. "फोडणी नाही, हळद नाही, याच्या मायनं याले शिकवलं तरी काय वं?"

तो हसला. म्हणाला, जे काय आहे ते सगळं धुरात आहे.

पातेलं रटरटू लागलं. पत्र्याखाली वास कोंडला, जड, गोडसर, लाकडाचा आणि मांसाचा. आईंचा हात वर गेला. पदर नाकाला लावतील असं मला वाटलं. तो त्यांनी डोळ्यांना लावला.

हा वास मले ठाऊक आहे, म्हणाल्या. मग सांगत राहिल्या, चुलीकडे बघत, कोणालाच नाही असं. भंडाऱ्याकडे त्यांच्या आजीचं घर. चुलीवरच्या दोरीवर मांसाच्या चान्या वाळायच्या, पावसाळाभर पुरायच्या. झड लागली, काम नाही, तेव्हा त्याच. आजीच्या लुगड्याला हाच वास. पुढे घरच्यांनी दीक्षा घेतली आणि ती दोरी तोडून टाकली, भांडीसुद्धा फेकली. लग्न होऊन आल्यावर माझ्या सासऱ्यांनी, धर्मपाल यांनी, हे पुन्हा खाणार नाही असा त्यांच्याकडून शब्द घेतला. चांगलंच केलं, आई म्हणाल्या. त्या सोडण्यानं आम्ही माणसात आलो. पण आजीचा वास बी त्यासंगंच गेला न.

सांगाला मराठी सगळं समजलं नसेल. तो लाकूड पुढे सरकवायचं थांबला होता, एवढंच.

आई उठल्या. चल, माझे व्यायाम राहिले, असं म्हणत साक्षीला घेऊन आत गेल्या. जाताना मागचं दार ओढून घेतलं.

आम्ही दोघंच. बारीक पाऊस पत्र्यावर पडत होता, पडतोय की नाही असा. मका फुटायला लागला होता. एकेक दाणा उलून फुलासारखा, रस्सा पांढरट, दाट.

"सांगा..." मी म्हटलं.

एरवी त्याच्याकडे काहीतरी तयार असायचं. आज तो पळी फिरवत राहिला.

"आज नहीं," तो म्हणाला. "आज आप."

मी सांगितलं. माझी नोकरी इथली. आईंचे गुडघे. साक्षीची शाळा. माझ्याशिवाय आईंना कोणी नाही, आणि त्यांच्याशिवाय मला. तो ऐकत राहिला, पेशंटचं ऐकतात तसं, मध्ये न बोलता. मी थांबले तेव्हा म्हणाला –

"ये सब तो पता है. घर का पता है, गली का पता है. मैंने आपका पूछा."

धूर माझ्याकडे वळला होता. बरं होतं ते.

"मला यावंसं वाटतं," मी म्हटलं. मराठीतच निघालं.

"यावंसं...? मतलब?"

एकदा म्हणताना माझा सगळा धीर संपला होता. आता पुन्हा म्हणायचं होतं, त्याला समजेल असं. भाषा वेगळी असली की एक गोष्ट दोनदा सांगावी लागते, आणि दुसऱ्यांदा सांगितली की ती परत घेता येत नाही.

"मतलब... मेरा आने का मन है. आपके साथ."

त्याने पळी पातेल्यावर आडवी ठेवली. माझा हात हातात घेतला. चुलीच्या राखेने दोघांचेही हात पांढुरके झाले होते. उन्हाळ्यात येतो, म्हणाला. आई तिच्या पायांवर उभी राहिली की येतो, आणि तुमच्या आईंसमोर बसून विचारतो. त्यांनाही चल म्हणणार आहे. तिकडे चढण फार, गुडघ्यांसाठी मी आहेच.

"आणि तोवर तुमचं मन बदललं तर?"

"मेरा नहीं बदलेगा. मक्का देखा आपने, कितना टाइम लगता है. हम लोग जल्दी वाला नहीं है."

शेवटी त्याने मोहरीची पानं हातानेच तोडून टाकली आणि झाकण ठेवलं.

जेवायला आम्ही आतल्या खोलीत बसलो. आईंनी स्वतःसाठी सकाळचीच भाकरी आणि चटणी घेतली. साक्षीने फुंकर मारत मारत मका खायला सुरुवात केली होती. माझ्यासमोर वाटी, वाफ येत होती, आणि माझा हात पुढे होईना. मी आईंकडे बघत होते.

"खा न," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही..."

"मी नाही खाणार. शब्द मी देल्ला होता." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याकडे बघितलं नाही. "तू काहून उपाशी? तू कोणाले शब्द देल्ला?"

मला तेव्हा कळलं, त्यांनी ओढून घेतलेलं दार पुरतं लागलेलं नव्हतं.

मी खाल्लं. पहिल्यांदा नुसता धूरच लागला, मग मीठ, मग मक्याचा मऊ, जरासा मातकट गोडवा. मांस दाताला लागायच्या आधीच सुटत होतं. मोहरीच्या पानांचा कडूपणा सगळ्यात शेवटी आला आणि तोच राहिला. मी वाटी संपवली. सांगाने न विचारता पुन्हा भरली. आईंनी भाकरी खाता खाता एकदा डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. वास घ्यायला काही शब्द दिलेला नव्हता.

संध्याकाळी ऑटो आली. दोन बॅगा, एक गुंडाळलेली चादर. सांगा आईंच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याचे खांदे धरले. तुझ्या मायले माझा जयभीम सांगजो, म्हणाल्या, अन् म्हणा, टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली ठेवत जाय. तो साक्षीपुढे उकिडवा बसला. आमच्याकडे ढग घराच्या खाली असतात, त्याने तिला सांगितलं, तू आलीस की खिडकीतून खाली बघायचं. ती विचारत होती, ढगांत पाय बुडतात का. फाटकाची कडी लावताना त्याचा हात माझ्या हातावरून गेला, जरा जास्त वेळ घेऊन.

ऑटो वळली. गल्लीतला कुत्रा कोपऱ्यापर्यंत तिच्यामागे गेला आणि परत आला.

आई आत जाऊन पडल्या. मी उंबऱ्यावर बसले. थंडी होती, तरी आत जावंसं वाटेना. उन्हाळा काही फार लांब नाही, असं मी स्वतःला म्हणत होते, आणि खूप दिवसांनी मला पुढच्या कशाची तरी वाट होती. साक्षी येऊन माझ्या मांडीत शिरली. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. मी तिला शालीत घेतलं. ती शालीच्या दशा बोटाला गुंडाळत राहिली.

"मम्मी, हम लोग सांगा अंकल के उधर रहने जायेंगे?"

"बघू, बेटा. कदाचित."

"आजी भी?"

"आजी पण."

तिने विचार केला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तो फिर पप्पा घर आयेंगे, और यहाँ कोई नहीं रहेगा... तो पप्पा को कौन बतायेगा, हम कहाँ गये?"